मुकुटाखालचं अक्षर

मला जुन्या रिव्हॉल्वरांचं वेड होतं आणि माझ्याकडे एकही रिव्हॉल्वर नव्हतं. द्वारका चौकाजवळच्या बँकेतल्या कारकुनाला परवाना कोण देणार? मी जमवायचो ते नुसते ठसे. ज्यांच्याकडे वाडवडिलांचं हत्यार परवान्यावर असेल त्यांच्या घरी जायचं, त्यावरच्या खुणांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, मग पुस्तकं चाळून ते कुठलं हे शोधायचं. लग्न केलं नव्हतं, रविवार खायला उठायचा. ऑफिसात सगळे 'बंदूकवाले' म्हणून चिडवायचे, जेवायला मात्र कुणी हाक मारायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त हवालदारांकडे पोचलो. काका एकटेच राहायचे. काकू वारलेल्या, मुलगा बंगळूरला. त्यांच्याकडे वडिलांचं सिंगल ॲक्शन होतं, म्हणजे दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, मगच चाप चालतो. त्यावर नावगाव काही नाही. मुलगा म्हणायचा, भंगार आहे. एका संग्रहालयानं मात्र सांगितलं होतं की कुठलं आहे ते लेखी आणा, ठेवून घेऊ. काकांचा जीव त्यातच अडकला होता. आपल्यामागे वडिलांची वस्तू कुठंतरी नीट राहावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी दर रविवारी जायला लागलो. काका टेबलावर पेपर अंथरायचे आणि काकूंच्या शिलाई मशीनच्या पेचकसानं मुठीची लाकडं काढायचे. लाकडाखाली एक मुकुट आणि त्याखाली एक अक्षर होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यावर आम्ही तासन्‌तास डोकं खाजवायचो. मग आल्याचा चहा, कधी पिठलं-भाकरी. मला कुणी आग्रह करून वाढतंय याची सवयच नव्हती. संध्याकाळच्या बसनं पंचवटीतल्या खोलीवर परतायचो, कुलूप काढायचो आणि पुढच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजत झोपायचो.

परदेशातल्या एका जाणकाराला मी ठसा पाठवला होता. दुसऱ्या वर्षी त्याचं उत्तर आलं. ते अक्षर तपासनिसाची खूण होती. रिव्हॉल्वर बेल्जियममधल्या लीज शहरात बनलेलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं, आणि अशी फार उरलेली नाहीत. मी नाचायचाच बाकी होतो. मग लक्षात आलं, हे सांगितलं की माझं तिकडे जायचं कारण संपलं.

ते पत्र मी आठ महिने खांद्यावरच्या शबनममध्ये घेऊन फिरलो. दर रविवारी एखादी नवी शंका काढायचो आणि काका बिचारे मुकाट्यानं पेचकस उचलायचे. लाज वाटायची हो, पण जाणं सोडवत नव्हतं.

मग मला कावीळ झाली. दोन महिने खोलीवरच पडून होतो, विचारायला कुणी आलं नाही. काकांना तर माझा पत्ताही माहीत नव्हता. बरा झाल्यावर गेलो तेव्हा टेबलावर पेपर नव्हता. गुडघे गेल्यामुळे परवान्यासाठी हेलपाटे मारणं त्यांना जमेना, आणि मुलगा कायमचं बंगळूरला बोलावत होता. काकांनी रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा करून टाकलं होतं. मागाहून त्यांनीच चौकशी केली होती, तर बाकीच्या भंगार हत्यारांबरोबर तेही तोडलं गेलं होतं.

माझा हात शबनममध्ये गेला होता. तेवढ्यात काका म्हणाले, "एवढं सांगा, काहीच पत्ता लागला नव्हता ना? लागला असता तर मी दिलं नसतं."

"नाही लागला," मी म्हणालो.

त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणजे मी चूक नाही केली, असं स्वतःशीच पुटपुटले आणि चहा ठेवायला आत गेले. तो चहा मी प्यायलो. पुढच्या महिन्यात ते जाणार होते, मधे चार रविवार होते. त्यातल्या एकाही रविवारी मी गेलो नाही.