कोणमामी

मामी घाबरट होत्या, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटत नसे. दार वाजलं की त्या आतून "कोण?" असं विचारत. नाव सांगितलं की पुन्हा "कोण?" मग कडीवर हात ठेवून, आवाज उतरवून, "तूच मां गो?" एवढं झाल्यावर दार उघडे, तेही आधी फटीएवढं. चाळीतल्या पोरांनी त्यांचं नाव कोणमामी ठेवलं होतं. मामींना ते माहीत होतं. "ठेवूंदेत," त्या म्हणत. "नावान काय अंगाक भोकां पडतत?"

कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहत. अनोळखी नंबरवरून फोन आला की मोबाइल पदरात गुंडाळून ठेवत. गिरणीत असलेले मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कल्याणच्या पुढे राहायला गेला होता. नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे म्हणून मामी तिकडे जात नव्हत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. माझ्याशी मालवणीच बोलत. मला अर्धं कळायचं, पण लय कळायची.

मी त्या चाळीत आले ती भाडेकरू म्हणून. परळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम मिळालं होतं. घर कऱ्हाडला. मुंबईत ओळखीचं कोणी नाही. खोली शोधताना सगळीकडे एकच प्रश्न यायचा, "एकटीच राहणार?" आणि मग खोली कालच गेलेली असायची. शेवटी एका एजंटने चिंचपोकळी स्टेशनजवळची ही खोली दाखवली. तिसरा मजला, गॅलरीचं टोक, शेजारी मामी, मालक विरारला. एजंट तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, उंबऱ्याबाहेर चपला काढून आत येणारा. मला 'सिस्टर' म्हणायचा. त्याने स्वतः नवी कडी बसवून दिली, कुलूपही आणून दिलं. मी फोनवर आईला सांगितलं, इथली माणसं चांगली आहेत.

पहिले दोन-तीन महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी कामावरून आले, तर उशीवर खळगा होता. कोणीतरी डोकं टेकून उठावं तसा. मीच सकाळी घाईत बसले असेन, असं मनाशी म्हणाले. पुढच्या आठवड्यात कंगवा खिडकीत सापडला. मी तो कधीच तिथे ठेवत नाही. आणि एकदा, मे महिन्यातल्या उकाड्यात, मोरीतला साबण ओला होता. मी सकाळी आठ वाजता घर सोडलेलं. दिवसभरात तो वाळून टणक व्हायला हवा होता. मी तो हातात घेतला आणि हातातून सुटला, इतका बुळबुळीत. कुलूप जसंच्या तसं होतं. चोरीला काही गेलं नव्हतं. आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मालकांना फोन केला. "मॅडम, जुनी चाळ आहे, घुशी असतात," ते म्हणाले. लॅबमधली मैत्रीण म्हणाली, "तुझी झोप होत नाहीये." भाऊ म्हणाला, "परत ये, तुला जमायचं नाही ते." सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकच असायचा, 'घाबरू नकोस.' मी खोलीत शिरताना आधी कॉटखाली बघू लागले. मग आंघोळ करताना तोंडाला साबण लावणं सोडलं, कारण त्यासाठी डोळे मिटावे लागतात. आपलंच डोकं बिघडत चाललंय की काय, ही भीती त्या दुसऱ्या भीतीहून वाईट होती.

अशाच एका संध्याकाळी मी खोलीत न जाता गॅलरीत उभी होते. किल्ली हातात, पाय उचलत नव्हते. मामींनी दाराच्या फटीतून पाहिलं. "चेडवा, हय ये," म्हणाल्या. मी आत जाऊन बसले आणि उशीपासून साबणापर्यंत सगळं सांगितलं. मामी मध्येच हसल्या नाहीत की समजूतही घातली नाही. फक्त विचारलं, "साबण खरोखर ओलो होतो?"

"हो."

"मगे कोणीतरी हात धुतल्यान." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "भय वाटता मां? माकाय वाटता. वाटांदे. पण एकट्यान भिया नको."

मी ढसाढसा रडले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझं बोलणं खरं मानलं होतं.

मामी म्हणाल्या, उद्याच कुलूप बदल. मी नवं कुलूप आणलंही. पण लावायचा धीर होईना. लावलं की येणारा यायचा थांबेल आणि मी वेडी होते की नव्हते, हे मला कधीच कळणार नाही. मामींनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, तुझ्या सुट्टीच्या दिवशी खोली नेहमीसारखी बंद कर आणि इकडे येऊन बस. माझ्या आणि त्यांच्या खोलीमध्ये विटांची भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. पलीकडे भांडं वाजलं तरी ऐकू यायचं.

पहिल्या सुट्टीला कोणी आलं नाही. दुसऱ्या सुट्टीला जेवणं झाली, गॅलरी सामसूम झाली. मामी तांदूळ निवडत होत्या. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. दार उघडलं, लोटलं गेलं. अनवाणी पावलं मोरीकडे गेली. नळ सुटला. मग कॉट करकरली आणि कोणीतरी स्वस्थपणे गुणगुणू लागलं, स्वतःच्या घरात असल्यासारखं.

मला हलता येईना. मामींनी माझा हात धरला, त्यांचा हात बर्फासारखा गार होता. मला वाटलं, आता या खाली कोसळणार. पण त्या उठल्या. ताटातले तांदूळ लुगड्यावर सांडले. दार उघडून त्या गॅलरीत गेल्या. मी दारापर्यंत सरपटत गेले, तेव्हा त्या माझ्या खोलीची बाहेरची कडी कोयंड्यात अडकवत होत्या. हात इतका कापत होता की कडी दोनदा निसटली. मग बसली. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. तेव्हा आत येऊन त्यांनी रिकामं ताट उचललं आणि गॅलरीच्या कठड्यावर बडवायला सुरुवात केली.

माणसं धावत आली. आतून दार हललं, मग शांतपणे आवाज आला, "मामी, मी आहे. एजंट. मालकांनी नळ बघायला पाठवलं होतं. कडी काढा."

त्याला सगळी चाळ ओळखत होती. कोणी हसलं. खालच्या मजल्यावरचे नाना पुढे आले. "अहो, ओळखीचा माणूस आहे. मामी, तुम्ही उगाच घाबरता."

मामी कडीवर पंजा ठेवून उभ्या होत्या. "होय, मी भियतंय," त्या म्हणाल्या. "म्हणान तर काढूचंय नाय. पोलिसांक बोलवा."

तेवढ्यात पार्टिशनच्या अगदी जवळून, फक्त मला ऐकू यावं असा, तो बोलला, "सिस्टर, तुम्ही तिकडेच आहात ना? सांगा ना यांना." तो आवाज आजही कधी कधी रस्त्यात, बँकेच्या रांगेत, कोणाच्या तरी तोंडून ऐकल्यासारखा वाटतो आणि मी मागे वळून बघते. त्या दिवशी मात्र त्याच आवाजाने मला उठवलं. मी बाहेर येऊन नानांना म्हणाले, "मालकांना आत्ता फोन लावा. स्पीकरवर." नानांनी लावला. मालकांनी कोणालाच पाठवलं नव्हतं. गॅलरीत कोणी हसेना मग. पोलीस येईपर्यंत आतून तो सगळ्यांची नावं घेऊन विनवत राहिला, आणि मामींचा हात कडीवरून हलला नाही.

त्याच्या बॅगेत किल्ल्यांचा जुडगा निघाला. एकेका किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा. लालबाग, परळ, रे रोड, जिथे जिथे त्याने एकट्या मुलींना खोल्या मिळवून दिल्या होत्या, तिथल्या त्या किल्ल्या. चौकीत साहेबांनी कौतुकाने विचारलं, "मामी, कडी लावायला गेलात तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली ना," मामी म्हणाल्या. "आत्ता पण वाटते. मला घरी कोण सोडणार?"

यानंतर मामी शूर झाल्या असं काही झालं नाही. उलट तो जामिनावर सुटला तेव्हा आम्ही दोघींनी अन्न टाकलं. स्टेशनच्या पुलावर तो दिसल्याचं कोणी सांगितलं की मामी मला फोन करत आणि मी चाळीपर्यंत पोचेपर्यंत फोन ठेवू देत नसत. कितीतरी महिने मी त्यांच्या श्वासाचा आवाज कानाशी धरून घरी आले.

पुढे एके दिवशी एक मुलगी चाळीत आली. स्मिता. जुडग्यातली एक किल्ली तिच्या खोलीची होती. आपल्या खोलीत कोणीतरी येतं असं ती सांगत राहिली, कोणाला पटलं नाही, शेवटी नोकरी सोडून ती लातूरला आईवडिलांकडे गेली. तिथे डोक्याच्या डॉक्टरांची औषधं सुरू झाली. पोलिसांचा फोन आल्यावर तिला कळलं, की आपल्याला भास होत नव्हते. कडी लावणाऱ्या बाई बघायला ती आली होती. ती आली तेव्हा मी तिथेच होते. मामींच्या समोर बसून ती एवढंच म्हणाली, "साबण ओला असायचा." मामींनी तिला जवळ ओढलं.

चाळ पाडायचं ठरलं तेव्हा मी माटुंग्याला गेले आणि मामींना मुलाकडे जावं लागलं. फोन व्हायचे. "लिफ्टमदी देवाचा नाव घेतंय," त्या सांगायच्या. सुरुवातीला मी भेटायला गेले, मग सणासुदीला, मग तेही राहिलं. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. मामी दुपारी झोपेतच गेल्या होत्या.

तेराव्याला गेले. चाळीतले थोडे लोक होते, नानाही होते, फार खचलेले. स्वयंपाकघरात एक बाई पानं वाढून देत होती. तिला कोणती डाळ कोणत्या डब्यात आहे ते सुनेला विचारावं लागत नव्हतं. वळली तेव्हा ओळखलं. स्मिता.

"तुला कोणी कळवलं?" मी विचारलं.

"मी येतच असते," ती म्हणाली. "परत नोकरी धरली, तेव्हापासून. रविवारी." मग म्हणाली, "त्यांना लिफ्टमधून खाली न्यायचे मी. त्या डोळे मिटून घ्यायच्या. खाली बागेत बसायचो."

मी ताटं उचलून तिच्या हाताखाली उभी राहिले.

निघताना आम्ही दोघी बरोबरच बाहेर पडलो. स्टेशनचा पूल गर्दीने भरला होता. मागून कोणीतरी घाईघाईने येत होतं, पावलं जवळ येऊ लागली तशा आम्ही दोघीही एकाच वेळी बाजूला सरलो. एक माणूस डबा सांभाळत पुढे निघून गेला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने माझ्या हातात हात दिला आणि फलाट येईपर्यंत आम्ही तो सोडला नाही.