फाट्यावरचा बँकेचा बाक

मला परदेशी बँकेत नोकरी लागावी म्हणून वडील जामसांवलीच्या हनुमानाला नवस बोलले होते. नवस फेडायला लोक नारळ देतात, नाहीतर घंटा. पण वडील पडले सौंसरच्या शाळेतले निवृत्त गुरुजी, त्यांना उपयोगी वस्तूंचं भारी वेड. मंदिराच्या फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्यांना टेकायला जागा नव्हती, म्हणून मला नोकरी लागताच त्यांनी तिथे सिमेंटचा बाक बसवला.

देणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय आमच्याकडे दान पुरं होत नाही. मंदिरातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं असतात, पंखा फिरत असताना ती वाचता येत नाहीत ही गोष्ट वेगळी. बाकाच्या पाठीवर माझं नाव आणि त्याखाली बँकेचं नाव लिहायचं असं ठरलं. पेंटर पांढुर्ण्याहून आला. त्याची सगळी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. त्याने सवयीप्रमाणे माझं नाव बोटभर काढलं आणि बँकेचं हातभर, लाल रंगात, पिवळी किनार देऊन. वडील तेव्हा रामाकोन्याला एका लग्नात जेवत होते. ते परत येईपर्यंत रंग वाळला होता.

मग व्हायचं तेच झालं. बाक बँकेनेच दिला असं लोकांनी धरून घेतलं आणि त्याला ‘बँकेचा बाक’ असंच नाव पडलं. निम्म्या आशियात आमच्या बँकेच्या शाखा होत्या, पण सौंसरकरांच्या लेखी तिची खरी शाखा फाट्यावरच होती. संत्र्याच्या बागा असलेले लोक वडिलांना कर्जाचं विचारायचे. एका बाईंनी तर पासबुक भरून आणायला दिलं, तेही दुसऱ्याच बँकेचं. वडील कुरकुरायचे, पण आतून खूश असायचे. रोज संध्याकाळी स्कूटर काढून ते आणि त्यांचे दोन मास्तर मित्र त्या बाकावर जाऊन बसत.

मी नागपूरच्या कचेरीत होते. खातेदारांची ओळख तपासायची, हे माझं काम. माणूस खरा आहे ना, कंपनी नुसती कागदावरच तर नाही ना, पैसा येतो कुठून, हे सगळं मी बघायची. माझ्या नजरेतून चोर सुटत नाही, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आणि एका सकाळी टीव्हीवर आमची बँकच आली. परदेशातल्या गुन्हेगारी टोळ्या जुगाराचा आणि नशेचा पैसा आमच्या बँकेतून धुऊन घेतात असा संशय होता आणि चौकशी सुरू झाली होती. बाहेरच्यांची ओळख तपासण्यात आम्ही इतके गुंतलो होतो, की साहेबांची ओळख तपासायची राहूनच गेली.

बातमी सौंसरला पोचायला वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी एका मास्तरकाकांनी वडिलांना छेडलं, गुरुजी, भाई लोकांच्या बाकावर बसून राहिलो आपण, आता हप्ता द्या लागते का? एरवी वडील सगळ्यांत आधी हसले असते. या वेळी ते म्हणाले, “माही पोरगी तपासणीत आहे. तिनं एकबी खोटी फाईल सोडली नसंल.”

काकांनी हे मला धीर यावा म्हणून फोनवर सांगितलं. मी घाईघाईने फोन ठेवला.

कारण मी सोडल्या होत्या. तीन. तिन्ही कंपन्यांचा पत्ता एकाच बंद गाळ्याचा होता. मी तसा शेरा मारून फायली अडवल्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, कॉफी पाजली, माझ्या बढतीचा विषय काढला आणि शेरा मागे घ्यायला सांगितला. मी घेतला आणि खाली सही केली. कॉफी चांगली होती, हेही मला आठवतं.

रविवारी घरी गेले. चहा झाल्यावर वडिलांनी मला स्कूटरवर बसवून फाट्यावर नेलं. तिथे तोच पेंटर तारेचा ब्रश घेऊन बँकेचं नाव घासत बसला होता. सगळं नाव निघाल्यावर वडिलांनी मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं आणि माझं नाव आता तिथे चांगलं मोठं काढायला सांगितलं.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन तिन्ही फायलींचं सांगितलं, कॉफीसकट.

“सही तुहीच आहे?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. ते पेंटरकडे वळले आणि माझंही नाव घासायला सांगितलं. मला आधी संताप आला. चारचौघांत, रस्त्याच्या कडेला, माझं नाव खरवडून निघत होतं. मग लाज वाटली, आणि ती संतापापेक्षा जास्त वेळ टिकली.

“मले जसं सांगतलं, तसंच चौकशीवाल्यांना सांगून ये,” वडील म्हणाले. “मंग पुन्हा लिहू.”

बाकाची पाठ कोरी राहिली. मी नागपूरला जाऊन जबाब दिला. दोन दिवस लागले. तिन्ही फायलींचे तपशील दिले, माझ्या सहीसकट. नोकरी तर जाणारच होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. वडिलांना फोन करून एवढंच म्हटलं, की सांगून आले, उद्याच्या बसने येते.

बस सौंसरपर्यंत जात होती, पण मी फाट्यावरच उतरले. वडील आणि दोघे मास्तरकाका तिथे होते. बाक अख्खा रिकामा असून तिघेही उन्हात उभे होते. बसमध्ये उभं राहून राहून माझे पाय भरून आले होते. मी बॅग खाली ठेवली आणि बाकावर टेकायला गेले.

“बसू नको,” वडील म्हणाले. “रंग ओला आहे अजून.”