सूर्याची वही घेऊन ठाण्याला

माघातल्या एका गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास माझा भाऊ गेला. त्या दिवशी गच्चीवर दुर्बीण लावली गेली नाही. आदल्या दिवशीचं पान हे तो असतानाचं वहीतलं शेवटचं पान ठरलं.

मार्गशीर्षात ती वही साडीच्या घडीत गुंडाळून मी वाईहून ठाण्याच्या एसटीत बसले. एकटीने प्रवास मी पूर्वीही केला आहे. पण गाडी सुटताना खिडकीखाली उभं राहून "बाटली घेतलीस का?" असं विचारणारं कोणी नाही, असं पहिल्यांदाच झालं.

वाईकरांना दादा ठाऊक होता तो त्याच्या गच्चीवरच्या टोपीमुळे. टोपी घालून तो रोज सकाळी वर काय करतो हे फार थोड्यांना माहीत होतं. दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नसतो, डोळा जातो. दादा दुर्बिणीच्या मागे फळीवर वहीचा कागद लावायचा. कागदावर वाटीएवढं सूर्यबिंब पडायचं आणि बिंबावरचे काळे डाग तो पेन्सिलीने टिपायचा. मग डाग मोजायचे, तारीख, वेळ आणि हवा लिहायची आणि उजव्या कोपऱ्यात आपली अक्षरं घालायची: द. वि. कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात नोकरीला असताना त्याने हे सुरू केलं आणि निवृत्त होऊन घरी आल्यावरही सोडलं नाही. लग्न त्याने केलं नाही, मीही नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. माझी वर्षं पुस्तकांना क्रमांक देण्यात गेली, त्याची सूर्यावरच्या डागांना.

डोंबिवलीच्या डॉ. नूतन केळुसकर सूर्यावर संशोधन करतात. सूर्यावरची खळबळ वर्षानुवर्षं कशी कमी-जास्त होते आणि तिचा पृथ्वीभोवतीच्या अवकाशावर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. दादाच्या सगळ्या वह्यांच्या प्रती त्यांनी करून घेतल्या होत्या. शेवटच्या वहीची पानं तर दर महिन्याला मीच फोनवरून पाठवत असे. यंदा त्यांना सौर आणि अवकाश भौतिकीतल्या संशोधनाचा पुरस्कार मिळाला. त्याच समारंभात निरीक्षक म्हणून दादाचाही सन्मान करायचं पुरस्कार देणाऱ्या संस्थेने ठरवलं आणि तो घ्यायला मला बोलावलं. पत्रात एक वाक्य होतं: 'कित्येक दशके एकाच व्यक्तीने, एकाच हाताने केलेल्या अखंड नोंदी.'

ते वाक्य खरं नव्हतं आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. शेवटचं दीड वर्ष दादाचा उजवा हात चालत नव्हता आणि त्याला जिना चढवत नव्हता. ती चित्रं मी काढली होती. कोपऱ्यात अक्षरं मात्र त्याचीच लिहिली होती.

सांगितलं तर त्याचा सन्मान जाईल, नाही सांगितलं तर त्याच्या वहीत खोटं राहील. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत मी सांगायचं ठरवलं होतं. पुणं येईपर्यंत नाही सांगायचं ठरलं. पनवेलच्या पुढे झोप लागली.

एसटीने ठाण्याला पश्चिमेला सोडलं. तिथून रिक्षाने पूर्वेला, कोपरीत आले. हिराजी पाटील म्हणजे दादाचा कारखान्यातला मित्र, त्यांच्याकडे उतरायचं होतं. पाटलांचं घराणं इथलंच, जुनं. वडील मिठागरात होते. आता त्या जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर पाटील नवरा-बायको राहतात.

"ये गो बाय, दमलीस ना?" वहिनी दारात म्हणाल्या आणि पिशवी हातातून घेतली. जेवायला तांदळाची भाकरी आणि करंदीचं सुकं (करंदी म्हणजे बारीक कोलंबी) होतं. दादा मोहन्याहून वाईला परत आला तो हीच चव घेऊन. आमच्याकडे तशी ती कधी जमली नाही, हे मी वहिनींना सांगितलं.

"जमल कशी? तिकडं करंदी मिळते का ताजी?" त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आमच्या सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेला. नुसता उन्हाकडं बघून सांगाचे, आज मीठ बसल का नाय. त्यांना कोनी बक्षीस दिला नाय."

"त्यांनी लिहून कुठे ठेवलं?" हिराजीभाऊ म्हणाले.

"लिवाला येत व्हता का त्यांना?"

"मग सांग ना, कोणाला देणार?"

"तुम्हाला येतंय लिवाला. तुम्हाला तरी कुठं दिला?"

हिराजीभाऊंनी माझ्याकडे बघून भाकरीचा तुकडा मोडला. "चाळीस वर्षं हेच चाललंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंबिवलीला गेले. नूतन केळुसकरांनी पूर्वेला उतरायला सांगितलं होतं, मी पश्चिमेला उतरले. रिक्षावाल्याने पत्ता ऐकला आणि बोटाने रुळांपलीकडे दाखवलं. कागदावरच्या सूर्यबिंबात पूर्व-पश्चिम उलटी पडते आणि ती मी दीड वर्षात कधी चुकले नव्हते. पूल चढून परत पूर्वेला आले तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता.

"काकांना मी काका म्हणायचे, म्हणजे तुम्ही आत्या," नूतनने दारातच ठरवून टाकलं. वयाने चाळिशीची, केस घाईत बांधलेले. "चपला आत काढा आत्या. बाहेर ठेवल्या की शेजारचा कुत्रा नेतो, मग शोधत बसायचं."

चहा गॅसवर ठेवून तिने मला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर दोन रेषा होत्या. लाल रेषा जगभरच्या वेधशाळांची, निळी दादाची. दोन्ही हातात हात घालून चढत होत्या आणि उतरत होत्या.

"बघा ना, कसले बरोबर जातायत काका. गच्चीवरची दुर्बीण आणि पेन्सिल, बास." मग तिने बोट उजव्या टोकाकडे नेलं. "फक्त इथे, शेवटाला, काका उगाचच वर जातात. तेव्हा सूर्यावर एवढे डाग नव्हतेच. मी केवढं डोकं खाल्लं या उंचवट्यावर. शेवटी लिहिलं, वयोमानाने नजर अधू झाली असावी."

"कुठे लिहिलंस?"

"पेपरमध्ये. तळटीपेत आहे हो, कोण वाचतंय."

तळटीपा वाचणारी माणसं थोडी असतात, पण मी त्यातलीच आहे.

"त्याची नजर शेवटपर्यंत चांगली होती," मी म्हटलं. "हात गेला होता. ती चित्रं माझी आहेत."

आत चहा उतू गेला. नूतनने उठून गॅस बंद केला, ओटा पुसल्याचा आवाज आला आणि ती चहा न घेताच परत आली.

"सगळी?"

मी साडीच्या घडीतून वही काढली आणि पान उघडून दिलं. "इथपासून पुढची सगळी."

"पण अक्षरं काकांची आहेत."

"तीही मीच काढली आहेत. तो म्हणायचा, तुझी लिही. मी ऐकलं नाही."

"का पण?"

याचं उत्तर मी वाटेत जुळवून ठेवलं नव्हतं. "माझी अक्षरं लिहिली असती तर त्याची वही संपली असती," मी म्हटलं.

मग त्या जास्तीच्या डागांचंही सांगितलं. ते कागदाचे होते. वाईच्या दुकानात मिळणाऱ्या वह्यांच्या कागदात बारीक काळे कण असतात आणि बिंब पडलं की तेही डागांसारखेच दिसतात. मी भक्तिभावाने सगळे टिपत होते. दादा खाली खाटेवर. काही महिन्यांनी त्याने एकदा चित्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि विचारलं, "सुमे, सूर्याला गोवर आलाय का?" मग सांगितलं: बिंब पडलं की कागद बोटाने जरासा सरकव. कागदाबरोबर सरकला तर तो डाग कागदाचा. जागचा हलला नाही तर सूर्याचा.

नूतनला हसू आलं, पण ते तिने आवरलं. "आत्या, हे मला आधी कळायला हवं होतं. खूप आधी."

"हो."

"प्रत्येकाची मोजायची सवय वेगळी असते. कोणी कमी मोजतं, कोणी जास्त. त्यात गैर काही नाही. म्हणून आम्ही प्रत्येक निरीक्षकाचा एक गुणक काढतो. त्याच्या मोजणीला त्या गुणकाने गुणलं की सगळे एका मापात येतात. काकांचा गुणक आहे माझ्याकडे. तुमचा नाही."

"मग माझी चित्रं टाकून दे."

"टाकून कशाला देऊ? तुमचा काढू ना गुणक. पण त्याला आणखी चित्रं लागतील, वर्षभराची तरी. आता चालू आहे ना रोज?"

"नाही. तो गेल्यापासून नाही."

"मग कसा काढणार?" हे तिने अशा सुरात विचारलं, की ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत करणाऱ्यांशी मी कशी बोलत असेन ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

"आणि सन्मानाचं?" मी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही, आत्या. अध्यक्षांना आत्ताच फोन करते." ती गॅलरीत गेली. वाळत घातलेल्या कपड्यांमागून शब्द येत होते. "हो सर… नाही सर, त्यांनी स्वतःहून सांगितलं… तळटीप माझी, सर, चूक माझी आहे…" परत येऊन म्हणाली, "समितीला विचारून उद्या सकाळी सांगतील." मग आम्ही चहा प्यायलो. अर्धा उतू गेलेला, त्यामुळे अर्धा अर्धा कप आला.

सकाळी वहिनी पोळ्या लाटत असताना फोन आला. सन्मान राहणार होता, वाक्य जाणार होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले. वहिनींनी लाटणं न थांबवता विचारलं, "बरा झाला ना?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी ठाण्यातल्या सभागृहात समारंभ झाला. नूतन भाषणात विषयावर थोडं आणि दादावर जास्त बोलली. शेवटी म्हणाली, "काकांच्या नजरेबद्दल मी एका तळटीपेत चुकीचं लिहिलं आहे. ती दुरुस्त करणार आहे. शेवटची चित्रं त्यांच्या बहिणीने काढली आहेत आणि त्या इथे आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्षांनी निळी मखमली फाइल माझ्या हातात दिली आणि फोटोसाठी हसत हळूच म्हणाले, "रिकामी आहे बरं का. छापलेलं जुनं मानपत्र बाद केलं. नवं पोस्टाने पाठवतो."

परत खुर्चीवर येऊन बसले तेव्हा वहिनींनी फाइल उघडून बघितली. "एवढ्या लांबून आली आन रिकामा पुठ्ठा दिला?"

"पुठ्ठा चांगला आहे पण," हिराजीभाऊ म्हणाले.

निघायच्या आधी एक दिवस हिराजीभाऊ मला मोहन्याला घेऊन गेले. शहाडला उतरलो आणि रिक्षा केली. उल्हास नदीचं पाणी संथ होतं, एका बाजूला जलपर्णीने हिरवं झालेलं. कारखाना आता बंद आहे, त्यामुळे आत जाता आलं नाही. भिंतीच्या कडेने चालत आम्ही एका वळणावर थांबलो. तिथून झाडांच्या वर एक छप्पर दिसत होतं.

"ते कॅन्टीन," हिराजीभाऊ म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत आम्ही खाली पत्ते खेळायचो आणि दत्तू वर. आम्ही त्याला सूर्यवंशी म्हणायचो. नवा साहेब आला, त्याला वाटलं हा उशिरा उठतो म्हणून म्हणतात. त्याने दत्तूला बोलावून झापलं."

मी छपराकडे बघत होते. दादा विशीत कसा दिसायचा ते आठवून त्याला तिथे उभं करत होते.

"पहिल्या वर्षी मीपण काढलीत काही," हिराजीभाऊ म्हणाले.

"काय?"

"चित्रं. दत्तूला रात्रपाळी असली की दुपारी तो झोपलेला असायचा. मला सांगून ठेवायचा, आज तू काढ. मी वर गेलेलो बऱ्याचदा."

"आणि कोपऱ्यात अक्षरं?"

"त्याचीच घातली. वही त्याची, माझी कशाला घालू? मग त्याने बघितलं तेव्हा रागावला. म्हणाला, खोडून तुझी घाल. मी म्हटलं घालतो. राहिलं."

दादा मला एवढ्या चिकाटीने 'तुझी लिही, तुझी लिही' का म्हणत होता ते मला त्या भिंतीपाशी समजलं. मी तिथूनच नूतनला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"आत्या, अजून कोणी आहे का? एकदाच सांगा."

मी हिराजीभाऊंना विचारलं. ते विचार करून म्हणाले, "नाय. बाकीच्यांना पत्ते आवडायचे."

परतीच्या एसटीत खिडकीखाली हिराजीभाऊ उभे होते. वहिनींनी सुक्या करंदीची पुडी दिली होती आणि तिचा वास सगळ्या गाडीत पसरला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. मी या वेळी पुणं येईपर्यंत जागी होते. जाताना जी वही मी लपवून नेली होती ती मांडीवर घेऊन बसले आणि माझी दीड वर्षाची चित्रं एकेक करून बघितली. पहिली वाईट आहेत. पुढची बरी आहेत.

घरी परतल्यावर लिहिलेलं हे वाचून कोणी ठाण्याच्या प्रवासाबद्दल विचारलं, तर तलाव, नदी, पूल यांबद्दल फारसं सांगता येणार नाही. मी तिथे एक गोष्ट सांगायला गेले होते आणि ती सांगून झाली. नवं मानपत्र पोस्टाने आलं आहे. त्यात तीन नावं आहेत.

आल्यानंतर दोन दिवसांनी दुर्बिणीवरची चादर काढली. मधल्या महिन्यांसाठी वहीत एकच ओळ लिहिली, 'निरीक्षण नाही', आणि पुढच्या पानावर बिंब पाडलं. कागद बोटाने सरकवला. एक डाग सरकला, दोन जागेवर राहिले. ते दोन टिपले आणि कोपऱ्यात लिहिलं: सु. वि. दादाच्या अक्षरांपेक्षा यात एकच अक्षर वेगळं आहे.

तेव्हापासून रोज वर जाते. आज कृष्णेवरून धुकं आलं होतं आणि दहापर्यंत बिंब दिसलं नाही. तसं लिहून ठेवलं. दादाच्या वहीत अजून एकतीस पानं शिल्लक आहेत.