आप्पाजींची चाबी आणि परदेशी सिनेमा

घर बदललं की सामान हमखास कमी होतं आणि किस्से वाढतात. त्यात कचेरीतली मंडळी मदतीला आली असतील, तर विचारूच नका! नांदुऱ्यात मी स्टेशनकडचं घर सोडून बाजाराकडे राहायला गेलो, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. तो दिवस आठवला की अजून डोकं तापतं.

*

दुसऱ्या दिवशी अमावस्या. जुन्या घरात नवे भाडेकरू येऊन बसलेले. म्हणजे अमावस्येच्या आत, त्याच संध्याकाळी नव्या घरात दूध उतू गेलं पाहिजे, नाहीतर बायको, मी आणि सामानाने भरलेली बैलबंडी रस्त्यावर!

मदतीला कचेरीतले दोघे आले, वानखडे आणि तायडे. वानखडे आल्याबरोबर खुर्चीवर बसला.

"अबे, उचल ना काही!"

"मी उचलू लागलो तं देखरेख कोन करीन?"

*

तायडेने मात्र काम केलं. त्याने बंडीत सगळ्यात खाली स्टोव्ह ठेवला, त्यावर गाद्या, त्यावर डबे, त्यावर कपाट.

बायको म्हणाली, "अवो भाऊजी, स्टोव्ह तं पयले लागते!"

"म्हनून तं पयले ठेवला, वहिनी!"

बंडी पुन्हा रिकामी केली.

*

नव्या घरी पोचलो तर दाराला कुलूप. मालक आप्पाजी गायब! शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते सिनेम्याले गेले. तंबूत परदेशातला लागला ना."

"त्याइले समजते थो?"

"समजत नाई, म्हनून तं लवकर गेले. समोर बसलं का समजते म्हने!"

बायकोने पदर खोचला. "जा, चाबी आना. मी बसते सामानापाशी."

एवढं साधं काम! पण सोबत हे दोघे निघाले.

*

तंबूच्या दारावरचा माणूस तिकिटाशिवाय आत सोडेना.

"अरे, मी सिनेमा पाहाले नाई, आप्पाजीले पाहाले आलो!"

"आप्पाजी बी तिकिटातच हायत, साहेब."

तीन तिकिटं काढली, जमिनीची. आत शिरून मागे वळून पाहतो तर वानखडेच्या डोक्यावर आमची खुर्ची! "तिकीट जमिनीचं, खुर्ची घरची. कोन काय म्हनते?" मागची सगळी जनता म्हणाली. काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

*

आप्पाजी अगदी पडद्याच्या नाकासमोर.

"आप्पाजी, चाबी द्या."

"थांब बे, आता गानं येईन!"

गाणं काही येईना. पडद्यावर एक बाई आणि एक माणूस समुद्राकाठी नुसते बसलेले. आमचा तायडे मॅट्रिक पास. तो आप्पाजींना एकेक वाक्य समजावून सांगू लागला. "ते बाई म्हनते, मायले विचारून सांगते."

मी कान देऊन ऐकलं. "तायडे, हे इंग्रजी नाई रे!"

"म्हनून तं सोपं जाऊन राह्यलं!"

*

थोड्या वेळाने दिवे लागले. मध्यंतर समजून सगळे बाहेर जाऊन चहा घेऊन आले आणि परत बसले. तंबूवाला हात जोडून म्हणाला, "सिनेमा संपला."

आप्पाजी उसळले. "गानं नाई, मारामारी नाई, लगन बी नाई लागलं. संपला कसा?"

सगळा तंबू त्यांच्या बाजूने! तंबूवाल्याने घाबरून पहिलं रीळ पुन्हा लावलं. आप्पाजी मांडी घालून बसले. "आता येईन गानं."

माझा संयम सुटला. मी एका दंडाला धरलं, वानखडेने दुसऱ्या. दिवसभरात त्याने उचललेली ती पहिलीच वस्तू.

*

वाटेत मी म्हटलं, "काढा आता चाबी."

"कायची चाबी? थे तं मांगच्या साली हरपली. कुलूप नुसतं अटकवेल हाय. वढलं का निंगते."

"मंग तंबूत काऊन नाई सांगतलं?"

"तुमी चाबी मांगली. दार उघडाचं कुटं बोलले?"

धावत घर गाठलं. ओढून काढलेलं कुलूप पायरीवर, आत दिवा लागलेला, बंडी रिकामी, दूध उतू गेल्याचा वास थेट रस्त्यावर. दाराला आतून कडी. मी दार वाजवलं.

"कोन हाय?"

"अवं, मी!"

"घरचे मानसं सिनेम्याले गेले हायत. नंतर या."

वानखडे पुढे सरला. "वहिनी, सिनेमा सुटला!"

"सुटला? मंग दुसरा खेळ लागला असन. थो बी पाहून या!"