वहिनींच्या भिवया

समोरच्या वहिनी दुपारी दार लोटून चेहरा रंगवत. रद्दीतल्या मासिकात त्यांना जुन्या इंग्रजी सिनेमातल्या एका नटीचा फोटो सापडला होता. बारीक कमानदार भिवया, भरलेले ओठ. फोटो काळा-पांढरा, म्हणून ओठांचा रंग वहिनींनी मनानेच लाल ठरवला. त्या लोण्यात कुंकू कालवत आणि दिव्याच्या काजळीने भिवया ओढत. मी खिडकीतून बघत असे. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, यायच्या आधी त्या सगळं खोबरेल तेलाने पुसून टाकत.

एकदा आमच्या सौसर गावात नळ भरदुपारी आला. चेहरा पुसत बसलं तर पाणी जाणार. वहिनी तशाच घागर घेऊन निघाल्या. मी मागे होते.

"काय वो, नाटकात चालल्या का?" रांगेतल्या बाया हसल्या.

"नाही वो, मी त पाणी भरून राहिली."

पदर काही त्यांनी तोंडावर ओढला नाही. घरी जाऊनही चेहरा पुसला नाही. दादा आले, बघत राहिले आणि मग चहा मागितला.

दुसऱ्या दुपारी मी त्यांच्या दाराशी गेले.

"वहिनी, माह्या भिवया अशा होतील का?"

त्यांनी पाट सरकवला. "बस. हालू नको."