दमेकरी कॉम्प्युटर

आई गेल्यावर वर्षभरात बाबा रस्ते विसरायला लागले. ज्या कसबा पेठेत सगळा जन्म गेला, तिथेच कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडले आणि भलत्याच बोळात जाऊन उभे राहिले. तांब्याच्या भांड्यांच्या एका दुकानदाराने त्यांना घरी आणून सोडलं. मी तेव्हा हिंजवडीहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, गर्दीत अडकलेली. नोकरी सोडायची की बाबांना दिवसभर घरात एकटं ठेवायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न, आणि तो सोडवायला मी काय आणलं, तर कॅमेरा. इंजिनियर लोकांना अक्कल असते, पण ती भलतीकडेच खर्च होते.

कॅमेरा जोडायचा होता घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला. मी कॉलेजात असताना बाबांनीच तो घेऊन दिला होता. आईने शिवलेलं झालरीचं कव्हर अजून त्याच्यावर होतं. त्याने कॅमेऱ्याला ओळखच दाखवली नाही. मी दुकानात तक्रार घेऊन गेले, तर दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "आम्ही कॅमेरे विकतो. कॉम्प्युटरला तारुण्य परत आणून देत नाही."

शेवटी ऑफिसातल्या एका मित्राकडून जुनं सॉफ्टवेअर आणलं आणि चित्र दिसायला लागलं. पण दिवसभराचं चित्रण साठवायला डिस्क पुरेना, आणि तेच दाबून लहान करायला सांगितलं की कॉम्प्युटर धापा टाकायचा. त्याचा पंखा असा काही घोंघावायचा की बाबा म्हणाले, "अगं, ह्याला दमा झालाय." मग मी चित्राचा आकार कमी केला आणि हालचाल दिसली तरच साठवायचं, अशी सोय करून ठेवली. बाबांनाही समजावलं, "तुम्ही स्वस्थ बसलात की त्याला काम नसतं. तुम्ही उठलात की त्याला सगळं नव्याने करावं लागतं." बाबांनी मान डोलावली.

युक्ती लागू पडली. रोज संध्याकाळी मी चित्रण बघायचे, आणि ते दिवसेंदिवस तोकडं होत गेलं. सकाळी मी दार ओढून घेते, बाबा खुर्चीत बसतात, एकदा जेवायला उठतात, की एकदम संध्याकाळी मीच दारात. बाबा बाहेर जात नव्हते, नोकरी टिकली होती, मी खूश होते. ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना हे कौतुकाने सांगायचेसुद्धा.

एका संध्याकाळी घरी आले तर बाबांना खुर्चीतून उठता येईना, गुडघे पार आखडले होते. स्वयंपाकघरात जेवणाचं ताट झाकलेलं तसंच. पाण्याचा तांब्या सकाळी भरला होता तसा काठोकाठ. मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही.

"जेवला नाहीत? पाणीसुद्धा प्यायला नाहीत? काय चाललंय काय, बाबा?"

बाबांनी कॉम्प्युटरकडे एक नजर टाकली आणि त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मी उठलो की तो केवढा दमतो गं. म्हातारा झालाय बिचारा. आपण थोडं कमी हललो तर त्याला तेवढाच आराम."

स्वतःची गल्ली विसरणाऱ्या माणसाने माझं ते एक वाक्य मात्र जपून ठेवलं होतं. मला रडूच फुटलं. उद्याच शेजारच्या काकूंना दुपारचं बाबांजवळ बसायला विचारायचं, हे तिथेच ठरवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. पंख्याचा आवाज हळूहळू थांबला. आईचं कव्हर मी त्याच्यावर घातलं, झालर नीट केली.

बाबा सगळं बघत होते. "झोपला?"

"झोपला, बाबा."

"मग आता मी उठू का?" त्यांनी विचारलं.