दुपट्ट्याआडचा गाल

वऱ्हाडात उन्हाळ्यात कुणाचं तोंड दिसत नाही. डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा, वर गॉगल. त्या उन्हाळ्यात मला हे फार सोयीचं पडलं. डाव्या जबड्यावर लिंबाएवढी गाठ आली होती आणि दीड महिना मी ती कुणालाही दाखवली नाही.

दुखत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटायची. आमच्या चांदूर बाजारात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचा गाल फुगला की लोक पुढचं विचारत नाहीत, नुसते हळू बोलायला लागतात. मी वीस वर्षं खर्रा खाल्लेला माणूस. डॉक्टरनं सांगितलं नाही तोवर तो रोग नाहीच, असं मी ठरवून टाकलं. बाजारात पालकाच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या दुपट्ट्यातूनच विकायचो, दुपट्ट्यातूनच घासाघीस करायचो. खर्रा मात्र एका दिवसात सुटला. बायकोला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं, ते भीतीनं करून दाखवलं.

एका संध्याकाळी घरात कूलरसमोरही मी तसाच बसलो होतो. बायको ताट घेऊन आली आणि उभीच राहिली.

"कूलरसमोर ऊन लागून राह्यलं का तुमाले?"

तिनं दुपट्टा ओढला, गालावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरले. मग कडाडली, "एवढे दिवस काहून नाई सांगतलं? मी का मेली होती?" मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला अमरावतीला नेलं. राजापेठेतली दातांची डॉक्टर अगदी तरुण होती. तिनं पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून पडद्यावर बोट ठेवलं. "काका, ही तुमची अक्कलदाढ. हाडातच आडवी राहिली, वर आलीच नाही. तिच्याभोवती पाण्याची पिशवी झाली आहे. ती वाढत गेली आणि हाड पोखरत गेली."

"म्हंजे खर्र्याचं नाई न?" बायकोनं विचारलं.

"वाटत तरी नाही. पण पिशवीचा तुकडा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

तिच्याच चिठ्ठीवर ऑपरेशन अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात झालं. दाढ आणि पिशवी दोन्ही काढली, तुकडा तपासायला गेला. हाड इतकं पातळ झालं होतं की महिनाभर काही चावायचं नाही, अशी ताकीद मिळाली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस बायको मला पातळ खिचडी भरवत होती आणि यंदा वांगी शेताच्या कुठल्या तुकड्यात लावायची, ते विचारत होती. मी असणारच, हे तिनं धरूनच चाललं होतं.

रिपोर्ट साधा निघाला. कॅन्सर नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी रडलो, लपवलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा काळ्या पोकळीच्या कडेनं पांढरं हाड भरत चाललेलं दिसलं. खर्रा अजून आठवतो, पण खात नाही.

यंदाही ऊन तसंच आहे. बाजारात निघायच्या आधी बायको मला दारात उभं करते, डावा गाल अंगठ्यानं दाबून पाहते आणि मग दुपट्टा स्वतः बांधते. उशीर होतो म्हणून मी कुरकुर करतो, पण हनुवटी वर करून उभा राहतो.